मीठ, वाफ आणि धरमतरची आगबोट

पेणच्या खारेपाटात मीठ कसं पिकतं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवायचं आणि पुढचं काम उन्हावर सोपवायचं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. हजार लिटर समुद्राचं पाणी पार आटवलं, तर साधारण ३५ किलो क्षार हाती लागतात. मिठागरवाल्याची ती कमाई.

आता हेच पाणी एका बंद धातूच्या टाकीत भरा, खाली कोळशाची भट्टी पेटवा आणि रात्रंदिवस उकळत ठेवा. इथेही पाणी उडून जाणार आणि क्षार मागे राहणार. निसर्गाचा नियम काही बदललेला नाही. फरक इतकाच की ही टाकी भर समुद्रात चाललेल्या एका जहाजाच्या पोटात आहे, तिच्या वाफेवर ते जहाज चाललं आहे आणि आत जमणारा प्रत्येक थर भट्टीची धग पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. पेणला ज्याची रास लागली की माणूस खूश होतो, त्याच मिठानं आगबोटीच्या इंजिनांचा जवळजवळ पन्नास वर्षं पिच्छा पुरवला. त्याच्याशी सगळ्यात आधी हुशारीनं झुंज घेणाऱ्यांत लंडनचा एक कारखाना होता. त्याचं नाव मॉडस्ले, सन्स अँड फील्ड. मुंबईत बांधलेल्या पहिल्या मोठ्या आगबोटीची इंजिनं याच कारखान्यातून आली होती.

दोन धन्यांची चाकरी

पेण आणि रोहा ही गावं आज रेल्वे स्टेशन आणि हमरस्त्याची म्हणून ओळखली जातात. जुन्या काळी मात्र त्यांची तोंडं खाडीकडे होती. पेणचं बंदर अंतोरे, भोगावतीच्या खाडीवर. थोडं पलीकडे अंबा नदीच्या खाडीवर धरमतर, आणि त्याच खाडीत आणखी आत नागोठणे. रोहा कुंडलिकेच्या काठी, समोरच्या तीरावर अष्टमी, आणि ही खाडी थेट रेवदंड्याला जाऊन समुद्राला मिळते. भात, मीठ, लाकूडफाटा या वाटांनी मुंबईला जायचा आणि मुंबईचा माल याच वाटांनी परत यायचा.

शिडाच्या मचव्याला दोन धनी होते. एक वारा, दुसरी भरती. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो धरून खाडीबाहेर पडायचं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की शीड भरून आत यायचं. पण आत यायला पुरेसं पाणी हवं. उधाणाच्या भरतीला मोठं गलबत जिथवर चढतं, तिथवर भांगाच्या दिवसांत लहान मचवाही रुततो. वारा आणि भरती दोन्ही जुळल्या तर वेळेवर पोहोचायचं, नाहीतर चिखलात नांगर टाकून बसायचं. ‘अमुक वाजता निघू आणि तमुक वाजता पोहोचू’ हे वाक्यच या वाटेवर कुणाला बोलता येत नव्हतं.

वाफेनं या दोन धन्यांपैकी एकाची चाकरी सोडवली. भरतीचा हुकूम कायम राहिला, पण वाऱ्याचा गेला. ही सुटका वाटते तितकी सहज झाली नाही.

अकरा दिवसांचा कोळसा, सहा तासांची शिल्लक

१४ ऑक्टोबर १८२९ रोजी मुंबई गोदीतून ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट पाण्यात उतरली. बांधणी वाडिया घराण्याच्या मिस्त्रींची, लाकूड सागाचं, क्षमता ४११ टन. तिच्यात प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती आणि ती मॉडस्लेच्या कारखान्यात घडवून विलायतेहून मुंबईला आणलेली होती. जहाज इथलं, यंत्र तिथलं, असा तो संसार.

२० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन ही बोट घेऊन सुएझकडे निघाले. बोटीची रचना होती साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी. पण एडनपर्यंत मध्ये कोळसा मिळणार नव्हता. म्हणून अकरा दिवसांचा कोळसा जागा मिळेल तिथे कोंबला. बोट इतकी खोल बसली की पाणी डेकच्या काठाशी आलं. अकराव्या दिवशी ती एडनला लागली, तेव्हा कोठारात जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. सुएझ गाठायला एकूण महिनाभर लागला, पण त्यात प्रत्यक्ष चाल २१ दिवसांची. बाकीचे दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले.

हा आकडा नीट पाहिला की त्या काळच्या आगबोटीचं खरं दुखणं कळतं. इंजिनाला ताकद कमी नव्हती, त्याची भूक राक्षसी होती. आणि त्या भुकेचा एक वाटा मीठ खात होतं.

हवेनं ओढलेलं जहाज

हे इंजिन चालायचं कसं, हे समजून घेतलं की थक्क व्हायला होतं. आपण समजतो की वाफ दट्ट्याला ढकलते आणि चाक फिरतं. पण १८३० च्या सुमाराच्या जहाजी इंजिनात वाफेचा दाब फारच कमी असे. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला तीन-चार पौंडांनी जास्त, इतकाच. मग एवढं धूड हलवायचं कोण?

हलवायची आपल्या डोक्यावरची हवा. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग ती शेजारच्या एका बंद पात्रात सोडून तिच्यावर गार पाण्याचा फवारा मारायचा. हे पात्र म्हणजे कंडेन्सर. वाफेचं क्षणात पाणी होतं, ते वाफेच्या मानानं नगण्य जागा घेतं आणि दट्ट्याच्या एका बाजूला जवळजवळ पोकळी तयार होते. दुसऱ्या बाजूनं वाफ दट्ट्याला त्या पोकळीत लोटते, आणि त्या वाफेच्या दाबाचा मोठा हिस्सा हवेच्या दाबाइतकाच असतो.

हे बळ किती? मॉडस्लेच्याच कारखान्यानं १८३८ साली ‘ग्रेट वेस्टर्न’ या जहाजासाठी जी इंजिनं केली, त्यांच्या सिलिंडरचा व्यास साडेत्र्याहत्तर इंच होता, म्हणजे माणूस आत सहज उभा राहील इतका. दर चौरस इंचाला बारा पौंड धरले, तरी दट्ट्यावर सुमारे २३ टनांचा जोर येतो. असे दोन सिलिंडर आलटून पालटून तरफांमार्फत मोठ्या वल्हेचाकांचा आस फिरवत. ब्रिस्टलहून निघालेलं हे जहाज पंधरा दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचलं आणि अटलांटिक महासागर वाफेवर नेमानं ओलांडता येतो, याबद्दल कुणाला शंका राहिली नाही.

पण त्या फवाऱ्यातच मेख होती. गार पाणी आणायचं कुठून? जहाजाभोवती आहे तेच, समुद्राचं. म्हणजे वाफेचं झालेलं गोडं पाणी फवाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात मिसळून जायचं आणि तेच मिश्रण पुन्हा बॉयलरला पाजावं लागायचं. प्रत्येक फेरीला नवं मीठ आत.

बॉयलरातलं मिठागर

मिठागरात काम केलेल्या माणसाला ठाऊक असतं की समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. पाणी आटू लागलं की आधी चुनखडी आणि जिप्सम बसतं, खायचं मीठ बऱ्याच नंतर, पाणी जवळपास दहापट दाट झाल्यावर येतं आणि शेवटी कडवट पाणी उरतं. बॉयलरातही हाच क्रम. मीठ दिसण्याच्या कितीतरी आधी जिप्समचा दगडासारखा थर आतल्या पत्र्यांवर चढू लागे. बोअरच्या पाण्यानं पातेल्याला जी पांढरी खपली धरते, तिचीच ही थोरली बहीण. थर जाड झाला की धग पाण्यात शिरेना, पत्रा लाल होई, फुगे आणि फाटायचं भय निर्माण होई. बोट बंदरात लागली की भट्टी विझवून, माणसं आत उतरवून छिन्नी-हातोड्यानं ही खपली काढावी लागे.

उपाय एकच होता. पाणी दाट व्हायच्या आत त्यातलं थोडं थोडं समुद्रात सोडून द्यायचं आणि ताजं पाणी आत घ्यायचं. समुद्राच्या पाण्यात वजनाचा सुमारे बत्तिसावा भाग क्षार असतो, म्हणून जहाजावरचे इंजिनिअर दाटपणा बत्तिसांशांत मोजत. एक म्हणजे ताजं समुद्रजल, दोन म्हणजे दुप्पट दाट, तीन म्हणजे धोक्याची पायरी.

हिशेब साधा आहे. पाणी दुपटीपेक्षा दाट होऊ द्यायचं नसेल, तर जेवढ्या पाण्याची वाफ होते, तेवढंच उकळतं पाणी बाहेर फेकावं लागतं. त्या पाण्याबरोबर भट्टीतल्या उष्णतेचा साधारण एक दशांश भाग समुद्राला अर्पण. अकरा दिवसांच्या कोळशातला एका दिवसाचा कोळसा नुसता लाटा तापवायला गेला असं समजा. सहा तासांची शिल्लक घेऊन एडनला लागणाऱ्या बोटीला हे परवडणारं नव्हतं.

इथे मॉडस्लेच्या कारखान्याचं डोकं दिसतं. १८२४ साली हेन्री मॉडस्ले आणि जोशुआ फील्ड यांनी एक पेटंट घेतलं. माणसाच्या आठवणीवर अवलंबून मधूनच तोटी उघडण्याऐवजी, इंजिनालाच जोडलेल्या छोट्या पंपानं दर फेऱ्याला मोजून तेवढंच दाट पाणी बाहेर काढायचं. जाता जाता त्या उकळत्या पाण्याच्या नळ्या आत येणाऱ्या गार पाण्यातून न्यायच्या, म्हणजे बाहेर जाणारी उष्णता आत येणाऱ्या पाण्याला मिळते. दोनशे वर्षांपूर्वीची ही युक्ती आज रसायन कारखान्यापासून दुधाच्या डेअरीपर्यंत सगळीकडे वापरात आहे. रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला तर ती रोजच्या ओळखीची.

तीस शिलिंगांचा कारागीर

हेन्री मॉडस्लेचा जन्म १७७१ चा, लंडनजवळच्या वूलिचचा. बाराव्या वर्षी तो तिथल्या शस्त्रागारात काडतुसं भरायला लागला. मग सुतारकाम, मग लोहारकाम. कुलपांसाठी गाजलेल्या जोसेफ ब्रामाहनं त्याला आपल्याकडे घेतलं. आठवड्याला तीस शिलिंग पगार होता. वाढ मागितली, ती मिळाली नाही, म्हणून १७९७ मध्ये त्यानं स्वतःचं दुकान टाकलं.

त्या काळी लोखंडाचं काम हातानं चाले. प्रत्येक कारागिराचा स्क्रू वेगळा, प्रत्येक नट आपल्याच स्क्रूला बसणारा. मॉडस्लेनं लेथमध्ये हत्यार माणसाच्या हातातून काढून सरकत्या बैठकीवर घट्ट बसवलं आणि अचूक स्क्रूनं ती बैठक पुढे सरकवली. आता आटे सारखे येऊ लागले, कुठल्याही नटाला कुठलाही स्क्रू. मोजमाप खरं की खोटं हे ठरवायला त्यानं एक सूक्ष्ममापक बनवला होता. तो इंचाचा दहा हजारावा भाग, म्हणजे ०.००२५ मिलिमीटर दाखवी. कारखान्यात त्याला ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत, कारण त्याच्या निकालावर अपील नव्हतं.

शिडाच्या जहाजांना लागणाऱ्या लाकडी कप्प्या बनवायला त्यानं पोर्ट्समथच्या आरमारी गोदीसाठी यंत्रं केली. एकशे दहा माणसांचं काम दहाजण करू लागले. गंमत पाहा, ज्या हातांनी शिडाची जहाजं स्वस्त केली, त्याच हातांनी पुढे त्यांना घरी बसवणारं इंजिन केलं. १८१० मध्ये कारखाना थेम्सच्या दक्षिणेला लँबेथला गेला. १८१५ च्या सुमारास थेम्सवरच्या ‘रिचमंड’ बोटीसाठी १७ अश्वशक्तीचं पहिलं जहाजी इंजिन झालं. १८२५ साली वाफेच्या मदतीनं विलायतेहून कलकत्त्याला आलेली पहिली बोट ‘एंटरप्राइज’, तिची इंजिनंही इथलीच. शंभराहून जास्त दिवस तिला लागले आणि बराचसा प्रवास शिडावर झाला. आरमारी जहाजांना इंजिनं पुरवण्यात लंडनमध्ये त्याला तोडीचा प्रतिस्पर्धी होता ग्रिनिचचा जॉन पेनचा कारखाना. वाफेच्या हातोड्याचा जनक जेम्स नॅस्मिथ आणि स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण ठरवणारा जोसेफ व्हिटवर्थ, दोघेही मॉडस्लेच्या हाताखाली तयार झाले.

माझगावची भट्टी

हे सगळं चाललं असताना मुंबईत एक तरुण हीच विद्या घरच्या घरी शिकत होता. आर्देशीर कर्सेटजी वाडिया, जन्म १८०८, गोदीतल्या त्याच मिस्त्री घराण्यातला. १८३३ मध्ये त्यांनी ‘इंडस’ नावाच्या लहान बोटीत वाफेचं इंजिन बसवून ती चालवून दाखवली. पुढच्या वर्षी माझगावचं घर त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळलं आणि ते पाहायला गव्हर्नर आले. १८३९ मध्ये ते विलायतेला गेले. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडून आलेले ते पहिले भारतीय. मुंबईला परतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या वाफेच्या कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य अभियंता म्हणून त्यांनी काम पाहिलं, आणि हाताखाली गोरे कारागीरही होते. त्या काळात ही गोष्ट किती लोकांना झोंबली असेल, याची कल्पना करता येते.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम १८५१ चं. त्या वर्षी ‘लवजी फॅमिली’ ही ८० टनांची आगबोट पाण्यात उतरली, आणि तिचे सगळे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत घडवलेले होते. १८२९ मध्ये इंजिन विलायतेहून आणावं लागलं होतं. बावीस वर्षांनी ते माझगावात तयार होत होतं. धरमतरच्या खाडीचं तोंड तिथून बंदराच्या पाण्यापलीकडे, एका भरतीच्या अंतरावर.

गोडं पाणी आणि स्वस्त कोळसा

मिठाशी चाललेली झुंज अखेर जिंकली ती कंडेन्सर बदलून. वाफेवर पाण्याचा फवारा मारण्याऐवजी तिला बारीक नळ्यांच्या जुडग्याशी नेऊन थंड करायचं. खारं पाणी नळ्यांच्या एका बाजूला, वाफ दुसऱ्या बाजूला, दोघांची गाठच पडू द्यायची नाही. वाफेचं गोडं पाणी गोडंच राहतं आणि तेच पुन्हा बॉयलरमध्ये जातं. सॅम्युअल हॉल यानं १८३४ मध्ये याचं पेटंट घेतलं. कल्पना बरोबर, पण अंमलात यायला तीस वर्षं लागली. कारण शेकडो, कधी हजारो नळ्या, प्रत्येकीची दोन्ही तोंडं पाणीबंद हवीत. एक सांधा गळला की मीठ आत. अशी नळी, असं भोक, असा सांधा सारख्या मापात बनवता येईल तेव्हाच हे शक्य होतं. म्हणजे गाडी पुन्हा मॉडस्लेच्या त्या स्क्रूपाशी येते.

गोडं पाणी मिळाल्यावर बॉयलरचा दाब वाढवता आला. दाब वाढल्यावर एकच वाफ आधी लहान आणि मग मोठ्या सिलिंडरमध्ये, दोनदा राबवता आली. १८६६ मध्ये जहाजमालक आल्फ्रेड होल्टच्या ‘अ‍ॅगामेम्नॉन’ या जहाजानं साठ पौंडांच्या दाबावर अशा जोड-इंजिनानं चीनपर्यंत फेरी केली. पूर्वी दर अश्वशक्तीमागे तासाला चार-पाच पौंड कोळसा जळायचा, तो सव्वादोन पौंडांच्या आसपास आला. कोळसा निम्म्यावर आला म्हणजे लहान बोटही नफ्यात चालवता येते, लांबच्या टपालाबरोबर जवळच्या उतारूंनाही नेता येतं.

१८८० च्या दशकात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कोकणच्या बंदरांना आणि धरमतरला जात होत्या, त्यामागे हे अर्थशास्त्र होतं. धरमतरला उतरून माणूस बैलगाडीनं किंवा टांग्यानं पेणला, नागोठण्याला आणि तिथून पुढे रोह्याकडे जाई. खाडीत आत शिरायचं तर अजूनही भरती साधावी लागे, पण वाऱ्याची वाट बघणं संपलं होतं. बॉयलरसमोर उभे राहणाऱ्या आगवाल्यांनी आणि सुकाणू धरणाऱ्या तांडेलांनी वेळापत्रक नावाची नवी गोष्ट या काठावर आणली. या प्रवासाला दुखरी बाजूही आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या कित्येक घरांत तो दिवस अजून सांगितला जातो.

कारखान्याचा शेवट

मॉडस्ले, सन्स अँड फील्डचं पुढे काय झालं? जहाजं लोखंडाची झाली तशी बांधणी थेम्स सोडून क्लाइड आणि टाइन या नद्यांवर गेली, जिथे कोळसा आणि लोखंड जवळ होतं. ‘रामदास’ही टाइनकाठी स्वान हंटरच्या कारखान्यात बांधलेली होती. लंडनमध्ये प्रत्येक टन लोखंड लांबून आणावं लागे. १८९९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि लँबेथचं सामान लिलावात गेलं. शेवटच्या वर्षांत तिनं अजस्र पाळणेही उभारले. लंडनच्या अर्ल्स कोर्टचा १८९५ चा, आणि व्हिएन्नाच्या प्राटर बागेतला १८९७ चा. व्हिएन्नाचा पाळणा आजही फिरतो, पण त्यावर बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की तो इंजिनवाल्यांनी बांधला.

आगबोटीच्या इतिहासात सगळे अश्वशक्तीचे आकडे लक्षात ठेवतात. पण धरमतरच्या माणसाला मुंबई जवळ आली ती केवळ ताकदीनं नव्हे. सारख्या आट्यांचा स्क्रू, न गळणारी नळी, मोजून बाहेर काढलेलं खारं पाणी, यांनी ती जवळ आली. समुद्रावर वाफेनं मिळवलेला विजय हा मुळात अचूकपणाचा विजय आहे, आणि त्यातला मोठा वाटा लँबेथ आणि माझगाव इथल्या कारागिरांच्या हातांचा आहे.